बारचा वेग मोजला, पण लिफ्ट बरोबर होती का? अमेरिकन कॉलेज फुटबॉल, वेटलिफ्टिंग कोच आणि सेन्सर

रॅकवरच्या टॅबलेटवर आकडा येतो, १.५२. चौकट हिरवी होते. आजूबाजूची पोरं ओरडतात, टाळ्या देतात. आणि ज्याने बार उचलला तो खेळाडू अजून दोन्ही पाय फाकवून, पाठ मागे झुकवून, कोपरं खाली लोंबकळत ठेवून बार कसाबसा सावरत असतो. सेन्सरच्या मते लिफ्ट एक नंबर. पण ज्याला वेटलिफ्टिंग कळतं, तो म्हणेल की ही लिफ्ट मोजायलाच नको होती.

हे दृश्य अमेरिकेतल्या एका कॉलेज फुटबॉल संघाच्या वेटरूममधलं आहे. एमएस करत असताना मी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात पार्टटाइम काम करायचो. सेन्सरमधून येणारा डेटा गोळा करायचा आणि मोठ्या स्क्रीनवर दाखवायचा, एवढंच काम. तिथे गेल्यावर कळलं की प्रश्न सेन्सरचा नाही, कोचिंगचा आहे. कोचिंग कच्चं असेल तर सेन्सर ते झाकूनही टाकू शकतो. कसं, ते आज समजून घेऊया.

आधी हे स्पष्ट करू: कुठलं फुटबॉल आणि कुठली लिफ्ट?

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि दर काही सेकंदांनी समोरच्याला धडक. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमध्ये दोनच प्रकार असतात, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. मीराबाई चानूने टोकियोमध्ये रौप्यपदक जिंकलं तेव्हा स्नॅचमध्ये ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो उचलले होते. बार जमिनीवरून खांद्यापर्यंत आणणं म्हणजे क्लीन, तिथून डोक्यावर नेणं म्हणजे जर्क.

फुटबॉलवाले यातला मुख्यतः एकच भाग उचलतात, पॉवर क्लीन. बार जमिनीवरून खांद्यावर घ्यायचा, पण पूर्ण खाली बसायचं नाही, अर्ध्या बैठकीतच झेलायचा.

वेटलिफ्टिंगचा हा तुकडा फुटबॉलमध्ये रुजला त्यात नेब्रास्का विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. १९६९ मध्ये तिथे बॉयड एप्ली नावाच्या माजी पोल व्हॉल्टरला फुटबॉल संघाचा स्ट्रेंथ कोच म्हणून नेमलं. त्या काळी वजन उचललं की खेळाडू जड आणि मंद होतो, असं बहुतेक कोच मानायचे. नेब्रास्का जिंकत गेलं आणि इतरांनीही वेटरूम उभारायला सुरुवात केली. १९७८ मध्ये एप्लींनीच स्ट्रेंथ कोचची राष्ट्रीय संघटना काढली, जिला आज एनएससीए म्हणतात. आज कुठल्याही मोठ्या कॉलेजच्या वेटरूममध्ये गेलात तर रॅकच्या ओळी दिसतील आणि बहुतेक ठिकाणी भिंतीवर पॉवर क्लीनच्या विक्रमांचा फलकही.

फुटबॉलपटूने क्लीन करायचीच कशाला?

उत्तर अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. पॉवर म्हणजे बल गुणिले वेग. धडक देताना नुसतं बल असून भागत नाही, ते पटकन लावता आलं पाहिजे.

सोयीसाठी आकडे घेऊ. एक खेळाडू २२० किलोची डेडलिफ्ट करतो. इतक्या वजनाला बार हळू सरकतो, समजा सेकंदाला ०.२५ मीटर. बल साधारण २,१५६ न्यूटन, म्हणजे पॉवर सुमारे ५४० वॅट. आता तोच खेळाडू १०० किलोची क्लीन करतो. बार मांडीच्या वर आल्यावरच्या स्फोटक भागात, ०.१५ सेकंदात, बारचा वेग १.० वरून १.६ मीटर प्रति सेकंद होतो. त्वरण ४, बल सुमारे १,३८० न्यूटन, सरासरी वेग १.३. गुणाकार केला तर जवळपास १,८०० वॅट.

वजन निम्म्याहून कमी आणि पॉवर तिपटीहून जास्त! पाय, खुबा आणि घोटा एकाच वेळी सरळ करून जमिनीला ढकलणं, हीच क्रिया उडी मारताना, धाव सुरू करताना आणि धडक देताना लागते. म्हणून क्लीन.

पण यात एक अट आहे. ही पॉवर पायांतून आली पाहिजे.

लिफ्ट बिघडते म्हणजे नेमकं काय होतं?

अनेकांना वाटतं की क्लीन म्हणजे बार हाताने वर ओढणं. हा सगळ्यात मोठा गैरसमज. आणखी एक छोटं गणित करू.

शरीर पूर्ण ताणलं गेलं, पायांचं ढकलणं संपलं, आणि त्या क्षणी बारचा वेग १.६ मीटर प्रति सेकंद आहे. यानंतर बार स्वतःच्या वेगाने किती वर जाईल? वेगाचा वर्ग भागिले दोन जी. उत्तर येतं फक्त १३ सेंटीमीटर. वेग १.२ असेल तर जेमतेम ७. त्या क्षणी बार कमरेच्या आसपास असतो आणि खांदे तिथून बरेच वर. मग उरलेलं अंतर कोण भरून काढतं? लिफ्टर स्वतः. तो बारच्या खाली जातो. म्हणजे क्लीनचा अर्धा भाग बार वर नेण्याचा आहे आणि अर्धा भाग झपकन खाली जाऊन बार झेलण्याचा.

हा दुसरा अर्धा भाग शिकवायला वेळ लागतो, आणि तो नीट शिकवला नाही की खेळाडू आपापले जुगाड शोधतात:

- हात लवकर वाकवणं. पायांचं काम पूर्ण होण्याआधीच दंडाने ओढायला सुरुवात. ज्यासाठी लिफ्ट करायची तो पायांचा झटकाच अर्धवट राहतो.
- बार मांडीवर आपटणं. बार अंगालगत वर जाण्याऐवजी पुढे फेकला जातो आणि खेळाडू त्याच्यामागे उडी मारतो.
- पाय फाकवणं. खाली बसता येत नाही म्हणून पाय बाजूला टाकून उंची कमी करायची. गुडघे आत वळतात, आणि वरून शंभर किलो येतात.
- कोपरं खाली ठेवून झेलणं. बार खांद्यांवर टेकण्याऐवजी सगळं वजन मनगटांवर. दीडशे किलोच्या जाडजूड लाइनमनमध्ये हे फार दिसतं, कारण त्यांचे खांदे आणि मनगटं तेवढी वळतच नाहीत.

कोच असतात, मग हे सुधारत का नाही?

कोच आळशी असतात असं अजिबात नाही. बहुतेक जण पहाटे पाचला वेटरूममध्ये असतात. अडचण रचनेत आहे.

मोठ्या कॉलेजच्या संघात शंभराच्या वर खेळाडू असतात. २०२५ च्या हंगामापासून मोठ्या कॉन्फरन्सच्या संघांना १०५ ची मर्यादा लागू झाली आहे. हे खेळाडू तीन गटांत आले असं धरू, एका गटात ३५. हजर कोच पाच, म्हणजे एका कोचकडे सात जण. प्रत्येकाला क्लीनचे ५ सेट, ३ रेप. एकूण १०५ रेप. क्लीनसाठी २० मिनिटं दिली तर दर ११ सेकंदांना एक रेप बघायची! त्यातच प्लेट बदलणं, घड्याळ, उशिरा आलेला खेळाडू आणि कानठळ्या बसवणारं संगीत. अशात बघणार काय आणि सुधारणार काय?

वेळही मोजका. एनसीएएच्या नियमांनुसार हंगाम नसताना खेळाडूला आठवड्याला ८ तासच सरावाला बोलावता येतं, आणि त्यात धावणं, उड्या, मीटिंग सगळं आलं. वेटलिफ्टर हीच लिफ्ट वर्षानुवर्षं रोज घोटत असतो. फुटबॉलपटूच्या वाट्याला आठवड्यातले काही मोजके सेट येतात.

प्रमाणपत्रांचंही बघा. एनएससीएची सीएससीएस परीक्षा देण्यासाठी पदवी लागते, शरीरशास्त्रापासून व्यायामाच्या आखणीपर्यंत बराच अभ्यास लागतो, व्हिडिओ बघून उत्तरं द्यावी लागतात. पण परीक्षा संगणकावर होते. बारसमोर उभं राहून कुणाला क्लीन शिकवून दाखवावी लागत नाही. अमेरिकन वेटलिफ्टिंग महासंघाचा पहिल्या पातळीचा कोर्स दोन दिवसांचा आहे. सुरुवात म्हणून तो चांगला आहे, पण डोळा दोन दिवसांत तयार होत नाही. काही स्ट्रेंथ कोच स्वतः वेटलिफ्टर असतात, त्यांच्या वेटरूममध्ये पाऊल ठेवताच फरक दिसतो. काही जण मात्र स्वतः खेळाडू असताना जे चुकीचं शिकले तेच पुढे शिकवतात.

आणखी दोन गोष्टी. हेड कोच बदलला की बऱ्याचदा स्ट्रेंथ कोचही बदलतो आणि शिकवण्याची पद्धतही. त्यात २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं आणि खेळाडूंना कॉलेज बदलणं सोपं झालं. म्हणजे चार वर्षं एकाच कोचकडे शिकण्याची खात्रीच उरली नाही.

इथे सेन्सर येतो

बारचा वेग मोजून व्यायाम ठरवण्याच्या पद्धतीला वेलॉसिटी बेस्ड ट्रेनिंग म्हणतात, थोडक्यात व्हीबीटी. अमेरिकन कॉलेजांमध्ये ती पसरली त्यात मिसूरी विद्यापीठात काम केलेल्या ब्रायन मॅन यांचा मोठा हात आहे. कल्पना सोपी आहे. खेळाडू आज ताजातवाना आहे की परीक्षेमुळे रात्रभर जागलाय, हे कागदावरच्या वजनाला कळत नाही. बारच्या वेगाला कळतं. नेहमीच्या वजनाला वेग पडला तर वजन कमी करा, वाढला तर वाढवा.

वेग मोजण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

दोरीवाला सेन्सर. जमिनीवर डबी, तिच्यातून निघणारी बारीक दोरी बारला अडकवलेली. बार वर गेला की आतलं चाक फिरतं आणि एन्कोडर पल्स मोजतो. अंतर थेट मिळतं, अंतराला वेळेने भागलं की वेग. टेंडो आणि जिमअवेअर ही यातली प्रसिद्ध नावं. बार पुढे गेला तर दोरी तिरपी होते आणि उभं-आडवं अंतर एकत्र मोजलं जातं. म्हणून जिमअवेअरमध्ये दोरीचा कोन मोजण्याचीही सोय आहे.

अॅक्सिलरोमीटर. तुमच्या फोनमध्ये असतो तोच प्रकार, बारवर किंवा मनगटावर लावायचा. हा त्वरण मोजतो, वेग काढण्यासाठी इंटिग्रेशन करावं लागतं. इथेच गोम आहे. सेन्सरमध्ये ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी छोटी चूक असेल तर एका सेकंदात वेगात ०.१ ची आणि अंतरात ५ सेंटीमीटरची चूक जमा होते. शिवाय क्लीनमध्ये बार हातात वळतो, त्याच्यासोबत सेन्सरही वळतो. मग खाली कुठे आणि वर कुठे हे त्याला जायरोस्कोपच्या मदतीने सतत ठरवत बसावं लागतं.

कॅमेरा. रॅकवर बसवलेला थ्रीडी कॅमेरा बारचा माग ठेवतो. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली पर्च ही यातली ओळखीची कंपनी. बारला काही बांधायचं नाही, त्यामुळे ३५ जणांच्या गडबडीत सोपं पडतं. पण कॅमेऱ्याचा फ्रेमरेट महत्त्वाचा. क्लीनचा स्फोटक भाग ०.१५ ते ०.२ सेकंदांत आटोपतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर त्या भागाच्या हाती लागतात फक्त पाच-सहा फ्रेम.

क्लीनसाठी सरासरी वेग फारसा कामाचा नाही. बार गुडघ्यापाशी थोडा रेंगाळतो, मग झेप घेतो. सरासरी घेतली की हे सगळं मिसळून जातं. म्हणून इथे सर्वोच्च वेग बघतात.

आणि माझी चूक

मी जे सॉफ्टवेअर लिहिलं त्यात एक लीडरबोर्ड होता. दिवसातली सर्वांत वेगवान क्लीन कोणाची, ते मोठ्या टीव्हीवर. कल्पना माझीच होती, आणि मला तिचा फार अभिमान होता. पहिल्या आठवड्यात वेटरूम पेटून उठली. प्रत्येक जण जीव तोडून बार उचलायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात एका वयस्क असिस्टंट कोचने मला बोलावून घेतलं. तो तरुणपणी स्वतः वेटलिफ्टर होता. त्याने त्या दिवसाचे पहिले पाच खेळाडू स्क्रीनवर दाखवले आणि विचारलं, "यातली कुठली रेप मी शिकवली तशी झाली, हे तुझा बोर्ड सांगेल का?"

नव्हता सांगत. मग आम्ही त्या पाच रेपचे व्हिडिओ काढून बघितले. दोघे बार मांडीवर आपटून पुढे फेकत होते. एक जण वजन कमी ठेवून आकडा वाढवत होता, कारण मी वेगाची तुलना वजनाशी जोडलीच नव्हती. आणि सलग तीन आठवडे पहिला असलेला लाइनमन मनगटाला पट्टी बांधून यायचा. कोपरं खाली ठेवूनच झेलायचा तो. मनगट दुखत असूनही लिफ्ट बदलायला तयार नव्हता, कारण बोर्डावर तो पहिला होता. त्याच्या हातात बार कोचने दिला होता, पण हट्ट माझ्या कोडने दिला होता.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने एक नियम ओळखला जातो. एखादं माप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं माप राहत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. सगळ्या टेस्ट हिरव्या आणि प्रॉडक्शन बंद, हा अनुभव प्रत्येकाने घेतलाय. तरी मी तेच केलं.

खरा मुद्दा: आधी लिफ्ट तीच हवी

आता तुम्ही म्हणाल, फुटबॉलपटूला काय ऑलिम्पिकला जायचंय? थोडी वाकडी लिफ्ट चालेल की! हा आक्षेप रास्त आहे. त्याची क्लीन मीराबाईसारखी दिसायची गरज नाही.

पण डेटाच्या बाजूने विचार करा. सोमवारी वेग १.३५ आणि गुरुवारी १.४५. खेळाडूची पॉवर वाढली का? दोन्ही दिवशी लिफ्ट एकाच पद्धतीने झाली असेल तरच हे म्हणता येईल. गुरुवारी त्याने बार मांडीवर आपटला असेल तर तुम्ही दोन वेगळ्या व्यायामांची तुलना करताय. वजनकाट्यावर एकदा उभं राहून आणि एकदा उडी मारून वजन बघण्यासारखं. सेन्सर अचूक असला तरी निष्कर्ष चुकीचाच.

म्हणजे चांगलं तंत्र हे फक्त दुखापत टाळण्यासाठी नाही. ते नसेल तर आकड्याला अर्थच नाही. महागडे सेन्सर घेऊन कोचची कमतरता भरून काढता येत नाही. उलट सेन्सरचा उपयोग व्हावा म्हणूनच चांगला कोच आधी लागतो.

मग काय केलं तर जमतं?

पहिलं, लिफ्ट सोपी करा. टिमथी सुकोमेल आणि पॉल कम्फर्ट यांनी क्लीनच्या अशा प्रकारांवर बराच अभ्यास केला आहे ज्यात बार झेलायचाच नाही, फक्त मांडीपासून स्फोटक ओढ घ्यायची. बल आणि पॉवर यात क्लीनइतकीच, काही वेळा जास्तही मिळते. झेलणं गेलं की मनगटाचा आणि पाय फाकवण्याचा प्रश्न बराचसा गेला, आणि शिकवायला वेळही कमी लागतो. ज्या लाइनमनला बार खांद्यावर ठेवताच येत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग सरळ शहाणपणाचा. काही संघांनी तर क्लीन सोडून वजन घेऊन उड्या आणि मेडिसिन बॉल फेकण्यावर भर दिलाय.

दुसरं, व्हिडिओ. साध्या फोनमध्ये आता सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असतो. बाजूने काढलेल्या क्लिपमध्ये स्फोटक भागाच्या ३६ ते ४८ फ्रेम मिळतात. हात कधी वाकले, बार किती पुढे गेला, सगळं दिसतं. अकरा सेकंदांत जे सुटलं ते नंतर निवांत बघता येतं.

तिसरं, क्रम. नव्या खेळाडूला पहिले काही आठवडे आकडा दाखवूच नका. लिफ्ट बसू द्या, मग सेन्सर चालू करा. आणि तुलना त्याची त्याच्याशीच, त्याच वजनाला.

आमच्याकडे शेवटी काय झालं? लीडरबोर्ड मी काढून टाकला नाही, पण त्यात एक बटण घातलं. कोचने टॅबलेटवर "मान्य" दाबल्याशिवाय रेप बोर्डावर जायची नाही. परिणाम गमतीशीर झाला. बोर्ड जवळजवळ रिकामा झाला. शंभर रेपपैकी कोचच्या नजरेखालून थोड्याच जात होत्या, आणि त्यातल्याही सगळ्या पास होत नव्हत्या. किती रेप कोणी पाहिल्याच नाहीत, हे त्या रिकाम्या बोर्डाने पहिल्यांदा आकड्यात दाखवलं. पुढच्या सत्रात गट ३५ वरून लहान केले गेले, आणि त्या लाइनमनची क्लीन बंद करून त्याला नुसती ओढ दिली गेली.

मी सेन्सरविषयी जे कोड लिहिलं त्यात सगळ्यात उपयोगी निघालं ते हे एक बटण. ते दाबायला मात्र लिफ्ट ओळखणारा माणूस लागतो.